वीस तारखेच्या अलीकडे की पलीकडे

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

संपादकांचं पत्र. कार्ड नाही, पाकीट — म्हणजे शिव्या कार्डावर मावल्या नसाव्यात.

मागच्या आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, संत्र्याच्या भावाची बातमी ‘बाय फ्रायडे’ पाठवा. (मराठी दैनिक चालवतात, पण इंग्रजीशिवाय हुकूम सोडता येत नाही.) मी शुक्रवारी दुपारी पाकीट नागपूरच्या बसवरच्या उत्तम ड्रायव्हरच्या हाती दिलं. उत्तमनं ते रात्री नागपूरला उतरवलं. शनिवारी सकाळी त्यांच्या टेबलावर! आणि हे म्हणतात, उशीर झाला. शुक्रवारी पाठवलं ना मी? की शुक्रवारी तिथं हवं होतं? की शुक्रवार उजाडायच्या आतच? एवढासा शब्द, दोन अक्षरांचा, आणि तीन दिवस गिळून बसला.

शेवटी एक टोमणा: “आपल्या मजकुरात तारीख असते, वार असतो, प्रसंगी तिथीही असते. घटना घडली कुठे, हे मात्र वाचकाने शोधायचे असते.” हे खरं आहे. गेल्या महिन्यात गंजीला लागलेल्या आगीची बातमी दिली, गावाचं नावच राहिलं. सात गावांचे लोक बोंबलत आले.

वच्छलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरोबरच लिहिलं. तुम्हाला कुठंचं भान कधी होतं?” सौभाग्यवती संपादकांच्या पक्षात. नोंद करून ठेवतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळीच कवडू आला. स्टेशनच्या मालधक्क्यावर संत्र्याच्या पेट्या वॅगनमध्ये भरतो, तीस वर्षं झाली. मागं थोरली पोरगी — जयवंता. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, गेल्या साली केंद्र सरकारच्या कुठल्याशा कचेरीची परीक्षा देऊन आली. आता पत्र आलं. इंग्रजीत.

“जय भीम, भैय्याजी. वाचून द्या जरा.”

गावाचा समज आहे की जो पेपरात लिहितो त्याला इंग्रजी येतं. माझं आयुष्य गेलं पाठशाळेत संस्कृतची रूपं घोकण्यात. इंग्रजी मी चाळिशीत डिक्शनरी पाठ करून शिकलो, ‘पी’पर्यंत. ‘पी’ धरून की सोडून, ते आता आठवत नाही. पण हे कुणाला सांगायचं नसतं. चष्मा पुसला, घसा साफ केला.

जयवंतानं पाकिटातून कागद काढून दिला. एकच कागद, दाट टाइप केलेला. टायपिस्टची नेमणूक! जबलपूरला ‘बाय ट्वेंटिएथ फेब्रुवारी’ हजर व्हावं, नाहीतर नेमणूक रद्द समजावी. खाली उजव्या कोपऱ्यात टिंबं-टिंबं आणि ‘2/-’. मी कवडूला सांगितलं, दोन रुपये फी लागेल, सोबत ठेवा. तो मान हलवत राहिला.

मग गाडी अडली. वीस तारखेलाच सौंसरची मंडळी पोरीला पाहायला येणार आहेत. मुलगा रवींद्र, कापडाच्या दुकानात आहे. कवडूचा मोठा भाऊ मनोहर, त्यानं जुळवून आणलेलं. शब्द देऊन बसला आहे. कवडूचं म्हणणं, वीसला पाहुणे होऊ द्या, रात्रीच्या गाडीनं निघू, एकवीसला जबलपूर.

मी म्हटलं, “अरे, रद्द होईल!”

“एका दिवसानं का होते, भैय्याजी?”

पोरगी जमिनीकडे पाहत होती. इतकंच म्हणाली, “काकाजी, ‘बाय’ म्हणजे कधीपर्यंत ते तुम्हीच सांगा. बाबा तुमचं ऐकतात.”

आठ दिवसांत सांगतो म्हटलं. आमचे आठ दिवस म्हणजे पुढच्या बुधवारी. हे इंग्रजाला कळायचं नाही. तो सातच मोजेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वामन मास्तरकडे गेलो. हायस्कुलात इंग्रजी शिकवतात, गल्लीत इंग्रजीतच खोकतात. म्हणाले, “बाय म्हणजे बिफोर. वीसच्या आत. एकोणीस.” पक्कं का? पक्कं.

घरी येऊन वच्छलाला सांगितलं. तिला लगेच टूरिंग टॉकीज आठवली. चार वर्षांपूर्वी बाजाराच्या मैदानात तंबू लागला होता. रुबाबासाठी पाटी इंग्रजीत — ‘टिल संडे’. मी म्हटलं, रविवारी जाऊ, निवांत. रविवारी गेलो तर मैदानात चार खड्डे आणि एक कुत्रं. वच्छला नवी साडी नेसून उभी! परत येताना एक शब्द बोलली नाही. त्यानंतर चार वर्षं बोलते आहे.

“त्या पोरीला तरी खड्डे दाखवू नका,” म्हणाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वामन मास्तर रस्त्यात भेटले. रात्रभर विचार केला म्हणे. ‘बाय’ म्हणजे ‘ऑन ऑर बिफोर’. वीस धरून.

काल पक्कं होतं ना? म्हणाले, कालही पक्कंच होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

वच्छला जामसावळीला जाऊन आली. मारुतीला विचारलं म्हणे. मारुती व्याकरणपंडित, ते आम्ही मानतो. इंग्रजी झाल्याचं ऐकिवात नाही. तरी कौल मिळाला: एक दिवस आधी पाठवा. मारुतीचं मत आणि वच्छलाचं मत नेहमीच जुळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

संपादकांना पत्र टाकलं: ‘बाय फ्रायडे’मध्ये फ्रायडे येतो का? कृपया खुलासा व्हावा.

पाठशाळेतले गुरुजी आठवले. त्यांचा आवडता प्रश्न: “पांढुर्ण्यापर्यंत पाऊस पडला — बोल, पांढुर्णं भिजलं की कोरडं?” मी म्हणायचो, भिजलं. छडी. दुसऱ्या दिवशी म्हणायचो, कोरडं. छडी. मग सांगायचे: दोन्ही. हद्द सोडून थांबलास तर ती मर्यादा, हद्द धरून थांबलास तर अभिविधी. शब्द एकच, अर्थ दोन. कुठला ते बोलणाराच जाणे. म्हणजे हा घोळ इंग्रजाचा नव्हे, आपलाच जुना. फक्त आपण त्याला दोन भारदस्त नावं दिली आणि छड्या खाऊन मोकळे झालो.

शिवाय आम्ही कुणाला हसावं? आमच्या पंचांगात चक्क तिथीचाच क्षय होतो. आख्खा दिवस गायब, आणि कुणी तक्रारही करत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संपादकांची तार! तारवाला सायकलवरून ओरडत आला, गल्ली गोळा झाली, वच्छलानं माहेरचं कुणी गेलं असं धरून डोळ्याला पदर लावला. फोडली. ‘फ्रायडे मीन्स फ्रायडे.’

मोठा खुलासा झाला.

कवडू ठरल्याप्रमाणे आला. आज एकटा. मी सगळी मतं मांडली — मास्तरांचं पहिलं, मास्तरांचं दुसरं, मारुतीचं. मर्यादा आणि अभिविधीही समजावला, पांढुर्ण्याच्या पावसासकट. कवडूनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला:

“भैय्याजी, लग्नाच्या पत्रिकेत का लिहिते? सकाळी ठीक नऊ. लागते कधी? बाराले. नऊले गेलं तर मांडवात बांबूवाला एकटा राह्यते. सरकारनं बी मोठं कार्यच काढलं ना? त्यानं वीस लिहिली म्हणजे त्याच्या मनात बावीस असंन.”

पाठशाळेत असा पूर्वपक्ष कुणी मांडला नव्हता. खरं सांगायचं तर या गावात हा सिद्धान्त चुकल्याचं मी पाहिलेलं नाही. शाळेचा समारंभ, पुढाऱ्याची सभा, माझी स्वतःची वरात — सगळं तीन तास उशिरा. इथं वेळ छापतात ती लोकांनी त्यानंतर निघावं म्हणून.

पण पोरीची नोकरी आहे. कवडूच्या घराण्यात पहिली. त्यातून मुलीची. गेली तर पुन्हा येणार नाही. मी आवाज चढवला: सरकार म्हणजे मांडव नव्हे! एकवीसला दार बंद झालं तर जन्मभर पेट्या मोजत बसशील.

तो रागावला नाही. उलट जरा पुढं सरकला. “मंग पक्कं का, भैय्याजी? वीसच्या आधी?”

“पक्कं.”

“लिहून देता का? शिक्क्यासकट?”

अडाणी माणसाची कागदावर काय श्रद्धा! गंमत वाटली. उद्या देतो म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिलं लिहून. चारदा फाडलं. शेवटचा मसुदा: “सदर पत्रातील इंग्रजी पाहता वीस तारीख उजाडण्यापूर्वी जबलपूर येथे हजर होणे अनिवार्य आहे. विलंब झाल्यास नेमणूक जाईल.” खाली सही, त्याखाली वार्ताहराचा रबरी शिक्का. शाई कमी होती, तीनदा मारला. आता तीन वार्ताहरांनी प्रमाणित केल्यासारखं दिसतं.

मर्यादा निवडली. खात्री? शून्य. पण एक दिवस आधी गेल्यानं कुणाची नोकरी गेल्याचं ऐकलं नाही.

कवडूनं कागद टोपीत ठेवला आणि विचारलं, सौंसरची बस किती वाजता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उत्तम सौंसरवरून बस घेऊन आला. खाली न उतरताच म्हणाला, “भैय्याजी, सौंसरले तुमच्याच नावानं शिव्या देऊन राहिले लोक. कापडवाल्याच्या घरी तुमचा कागद फिरून राहिला. म्हणते, कोण हा वीसच्या आधीवाला?”

पाहणी रद्द. मनोहर बोलायचा थांबला आहे — कवडूशी नाही, माझ्याशी! वीस वर्षांत सौंसरात माझं लिखाण एवढ्या बारकाईनं पहिल्यांदाच वाचलं गेलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जयवंता गेली. दुपारच्या गाडीनं. इटारसीला मामा भेटणार, तो जबलपूरच्या गाडीत बसवून देणार. कवडूला रजा नाही. मृग बहराची संत्री जोरात आहेत, वॅगन लागलेली.

स्टेशनवर आई शकुबाई रडत होती, वच्छला तिला धरून रडत होती. मी मार्गदर्शन करत होतो.

एक पत्र्याची पेटी, भलतीच मोठी. मी हात लावला, हलेना. कवडू आला, एका झटक्यात खांद्यावर घेतली, आणि तसाच उभा राहिला. गाडी यायला अजून वेळ होता. मी म्हटलं, ठेव ना खाली. तो म्हणाला, “लय भरलं हिनं.” पोरगी दुसरीकडे पाहू लागली. शकुबाईनं रडता रडता हिशेब दिला: दोन गोधड्या, दोन स्वेटर, मफलर. फेब्रुवारीत जबलपूरला मफलर! मी थट्टा केली: सरकारी कचेरीत काम थंडच असतं, पण इतकं नाही.

कुणी हसलं नाही. गाडी आली. कवडूनं पेटी बाकाखाली सारली, पुन्हा पुन्हा सारली, जशी काही वॅगनची शेवटची थप्पी. पोरगी वाकून पाया पडली. तो म्हणाला, “दोन रुपये घेतले ना फीचे?” ती म्हणाली, “घेतले, बाबा.”

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज वीस. काही झालं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जयवंताचं कार्ड, माझ्या नावानं. एकोणीसला हजर झाली, नोकरी पक्की! आणि पुढं — “काकाजी, तिथल्या बाबूंनी सांगितलं की वीसला संध्याकाळी पाचपर्यंत चाललं असतं. एकवीसला एक मुलगा आला, त्याला परत पाठवलं.”

म्हणजे वीस धरून. अभिविधी! मी साफ चुकलो आणि पोरगी वाचली. गुरुजी असते तर छडी मारून पेढा दिला असता.

कवडूला वाचून दाखवलं, एकवीसवाल्या मुलासकट. आता मात्र तुझ्या लग्नपत्रिकेचं काय, विचारलं. तो नुसता हसला. संत्र्यांची पिशवी ठेवून गेला.

संध्याकाळी वामन मास्तरांच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेलो.

१८ मार्च, मंगळवार

आज हसण्याजोगं काही नाही. तरी लिहितो.

जयवंताचं पाकीट आलं, शिलाँगहून. होय, शिलाँग! नकाशा काढला. आसामच्याही पुढं, डोंगरावर.

आत माझ्यासाठी अर्धं पान, कवडूसाठी एक चिठ्ठी, आणि एक जुना घडी पडलेला कागद: नेमणूकपत्राचं दुसरं पान. जबलपूरला दोन आठवडे प्रशिक्षण, त्यानंतर तीन वर्षं शिलाँगच्या कचेरीत. पहिल्या वर्षी लांब रजा नाही.

“काकाजी, रागावू नका. कोपऱ्यातलं ते ‘2/-’ म्हणजे दोन रुपये नाहीत. पुढे दुसरं पान आहे, असं टाइप करणारे तसं लिहितात. टायपिंगच्या क्लासात आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. ते पान मी घरीच गादीखाली ठेवलं होतं. ‘बाय’चा अर्थही मला ठाऊक होता. पण मी सांगितला असता तर तो पोरीचा अर्थ झाला असता. दुसरं पान दाखवलं असतं तर बाबांनी पाठवलंच नसतं. तुम्ही सगळे कधी-कधी करत राहिलात, कुठे ते कुणी विचारलंच नाही. स्वेटर कामी आले.”

पंधरा दिवस! मास्तर, मारुती, संपादक, गुरुजी, पांढुर्ण्याचा पाऊस — एका शब्दासाठी सगळी मंडळी जागेवरून उठवली. वार्ताहर म्हणवतो मी. आणि एवढी मोठी बातमी, स्थळाशिवाय! संपादकांना कळलं तर तार नाही, स्वतः येतील.

संध्याकाळी कवडूला बोलावून त्याची चिठ्ठी वाचून दाखवली. त्यात तिनं बदलीचं सरळ लिहिलं होतं, तीन वर्षांच्या मुदतीचं नव्हतं. कवडूनं नाव दोनदा म्हणून पाहिलं. शिलाँग. शिलाँग.

“जबलपूरच्या अलीकडं का पलीकडं, भैय्याजी?”

“पलीकडं.”

“किती?”

मी म्हटलं, “थोडं.”

वच्छला आत भांडी घासत होती. हात थांबलेला ऐकू आला.

२० मार्च, गुरुवार

धक्क्यावरून कवडू सरळ घरी आला. खांद्यावर गवताची काडी. ओसरीवर बसला नाही, उभ्यानंच बोलला.

“भैय्याजी, कलकत्त्याले जाच्या पेटीत आम्ही हिरवं फळ भरतो. पिकलं भरलं तर रस्त्यात सडते. आज मुनीमाले इचारलं, शिलाँगले माल काहून पाठवत नाही? म्हणे, तिथवर हिरवं बी टिकत नाही. मंग थोडं कसं म्हणाले तुमी?”

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

“तुमी मनाले लावून नका घेऊ. पोस्टमननं पाकीट दिलं ते माह्या हातात. दोन कागदाचं होतं, हाताले कळलं. तुमच्यापुढं तिनं एकच काढला, पाह्यलं मी. पेटी उचलली तवा समजलं, पोरगी जबलपूरपर्यंतच चालली नाही. इचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. सांगितलं असतं तर बाप म्हणून मले नाही म्हणा लागलं असतं. आन् सौंसरवाल्याईले नाही म्हणाची माही ताकद नव्हती. मनोहरदादानं शब्द देल्ला होता. म्हणून तुमचा कागद नेला जी, शिक्क्याचा.”

मग टोपी काढून त्यानं तो कागद परत दिला. तीन शिक्के, चार घड्या.

“ठेवा. धाकटी बी टायपिंगले जाऊन राहिली.”